सगळ्यांत खालच्या आकड्यावरचा अंगठा

अंदाजेसरांच्या हातात मार्कशीट दिलं की त्यांचा अंगठा थेट सगळ्यांत कमी मार्कांवर जाऊन बसायचा. नव्वदीतले आकडे ते बघायचेच नाहीत. "वरचं कौतुक आईबापाला सांग. सूत कच्चं असतंय तितंच तुटतंय," म्हणायचे. वडील मागावर राबलेले, त्यामुळे सरांचं सगळं शहाणपण सुताचं. या माणसाबद्दल मला प्रेमानं लिहायचंय, पण राग आधी येतो, त्याला मी काय करू?

सर आमच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे. खरं आडनाव वेगळंच. कुणाला कुठं ॲडमिशन मिळेल ते सांगायचे म्हणून अंदाजेसर. रविवारी सकाळी ते प्रयोगशाळेत बसत. आसपासच्या होटगी-वळसंगसारख्या गावांहून पोरं आईबापांना घेऊन येत. सर कटऑफची जाडजूड वही उघडत, मान हलवत आणि शंभरात किती चान्स ते सांगत. वर स्वतःच्या खर्चानं चहा पाजत. इंजिनिअरिंगचे त्यांचे अंदाज सहसा चुकत नसत, आणि तिथंच माझा घात झाला.

मी गणित घेऊन आर्ट्सला होते, इंजिनिअरिंगचा प्रश्नच नव्हता. उत्तरेतलं एक लिबरल आर्ट्स कॉलेज मी इंटरनेटवर शोधून काढलं होतं. इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र सगळं एकत्र शिकवणारं. जागा थोड्या, पण निवड झाली तर फी माफ. माझ्या अकरावीच्या मार्कशीटवर इतिहासात शहाण्णव, इंग्रजीत चौऱ्याण्णव आणि गणितात त्रेचाळीस होते. त्या वर्षी आई आठ महिने अंथरुणावर होती. स्वयंपाक, औषधं, धाकटीची शाळा सगळं माझ्याकडं. इतिहास आईच्या उशाशी बसून वाचता येतो, गणित रोज घासावं लागतं. मार्क कमीजास्त का झाले हे लिहायला त्या फॉर्मात अख्खं पान दिलेलं होतं.

रविवारी मी अप्पांना घेऊन गेले, तर सरांनी ते पान तळव्यानं झाकलं. "असलं रडगाणं कोन वाचत बसतंय? यादी लागती, नंबर लागतो. शंभरात चार!" आणि हे मला नाही, माझ्या अप्पांना सांगितलं. अप्पांनी हात जोडले. घरी पोचेपर्यंत फॉर्मचा विषय संपलेला होता.

माझ्या बाकावरची नसरीन सरांकडं गेलीच नाही, कारण रविवारी तिला भावंडं सांभाळावी लागत. नशीब तिचं! गणितात एकोणचाळीस असताना तिनं फॉर्म भरला, ते पान लिहिलं आणि तिची निवड झाली.

तिची निवड कळल्यावर चौथ्या दिवशी सर स्कूटरवरून आमच्या दारात.

"पोरी, चुकलं माजं. तितं यादीच लागत न्हाय. येकेक फॉर्म वाचत्यात."

"मग चार कुठून काढलेत, सर?" मी ओरडलेच. "आणि चार म्हणजे शून्य असतं का? तुम्ही गणित शिकवता ना?"

अप्पा मला गप्प करायला पुढं आले. सर म्हणाले, "बोलू द्या तिला. चार म्हंजे न्हाय न्हवं. म्याच न्हाय असल्यागत सांगितलं."

कबुलीनं काय होणार? मुदत संपली होती, आणि पुढच्या वर्षी फक्त त्या वर्षीच्या बारावीवाल्यांना घेणार होते. मी इथंच बी.ए. झाले.

सर मात्र बदलले. "आदी फॉर्म भर, मग चान्स इचार," एवढंच सांगायचे. तसलं पान असलं की पोरांना माझ्याकडं पाठवायचे. मी सरांना मनात शिव्या घालत ती पानं वाचायचे, दुरुस्त करून द्यायचे. ते कधी कसं चाललंय विचारायला आले नाहीत. गेल्या वर्षी गेले. मी खूप रडले, आणि रडतानाही त्यांच्यावर चिडलेलीच होते.

आता मी सरांच्याच ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. मागच्या आठवड्यात एका मुलीनं मार्कशीट पुढं केलं. "मॅडम, चान्स किती हाय?" मी कागद घेतला आणि बघते तर माझा अंगठा तिच्या गणिताच्या एक्केचाळीसवर! स्वतःची आणि सरांचीही इतकी चीड आली की कागद टेबलावर ठेवून दिला.

मग सरांनी मला एकदाही न विचारलेला प्रश्न मी तिला विचारला.

"त्या वर्षी घरी काय झालं होतं गं?"

पोरगी खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली.