नितीनची सातवी पायरी

नितीन गेल्याचं मला कामशेत स्टेशनच्या जिन्यावर कळलं. त्याच्या बहिणीचा फोन होता. ‘‘दादा सकाळी उठलाच नाही गं...’’ त्याला आज पाच आठवडे झाले.

वडिवळ्याच्या भातखाचरांत वाढलेला नितीन माझा ऑफिसातला मित्र. तिशीत त्याची नजर हळूहळू गेली, पण प्रोग्रामिंग त्याने सोडलं नाही. माऊसचा उपयोग नव्हता. लिनक्स या संगणकप्रणालीच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या आणि लॅपटॉप वाचून दाखवेल ते ऐकायचं, ही त्याची पद्धत. मदत मागणं मात्र त्याला जिवावर यायचं. मग ऑफिसने सगळ्यांना विंडोजचे लॅपटॉप दिले. विंडोजच्या आतच लिनक्स बसवायची परवानगी त्याने भांडून मिळवली, पण एकाच दिवसाची, दुपारी तीनपर्यंत. जमलं नाही तर त्याला फोन घ्यायच्या कामावर बसवणार होते.

त्या दिवशी एक वाजता त्याचा फोन आला. ‘‘येशील?’’ एवढंच. मी लोणावळ्याहून स्कूटर काढून वडिवळ्याला त्याच्या घरी गेले. दारातच त्याची आई, आमच्या मावशी, उभ्या होत्या. ‘‘सकाळधरनं जेवला न्हाई गं. कुनाला जवळ येऊ देत न्हाई.’’

आत नितीन घामाघूम. लिनक्स बसवायची त्याची आज्ञा दर वेळी एकाच तक्रारीवर अडत होती: प्रोसेसरमधली एक सोय बंद आहे. ती चालू करायची तर विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावर जावं लागतं, आणि तिथे वाचून दाखवणारा आवाजच नसतो. चार वेळा तो अंदाजाने तिथे शिरला होता आणि घाबरून बाहेर पडला होता. चुकीचं काही बदललं तर लॅपटॉप सुरूच झाला नसता.

‘‘मी वाचते, तू दाब,’’ मी म्हटलं. त्याने सरकून मला जागा दिली. ‘‘वाच.’’

खाली. अजून एक खाली. थांब! त्याचं बोट एंटरवर थांबलं. ‘‘नक्की?’’ मला खात्री नव्हती. मी ‘‘नक्की’’ म्हटलं.

पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. मावशी उंबऱ्यात येऊन थांबल्या. अडीच वाजून गेले होते... शेवटी विंडोजचा आवाज आला. नितीनने आज्ञा पुन्हा दिली. तीनला सात मिनिटं कमी असताना लिनक्स बसलं आणि लॅपटॉपने नितीनचं नाव विचारलं. त्याने ते टाइप केलं आणि तोंडावर हात ठेवून बसून राहिला. पुढे शेवटपर्यंत त्याने त्याच लॅपटॉपवर काम केलं.

गेल्या आठवड्यात मावशींनी बोलावलं. लॅपटॉप ऑफिसला परत जायचा होता. नितीनच्या फायली काढून घेताना एक मराठीत लिहिलेली सापडली: दिसत नसलेल्या माणसाने विंडोजवर हे सगळं कसं बसवावं, पायरीपायरीने. मी ती लॅपटॉपला वाचायला लावली. सातव्या पायरीला लॅपटॉप म्हणाला, ‘‘इथे मशीन बोलणार नाही. एकट्याने करू नका. मी चार वेळा केलं. कुणाला तरी हाक मारा.’’

मावशी भिंतीला टेकून ऐकत होत्या.

‘‘आपल्या नितीननं लिवलंय हे?’’

‘‘व्हय, मावशी.’’

त्या पदर सावरून लॅपटॉपजवळ सरकल्या.

‘‘पुन्यांदा लाव.’’