कुपातून गेलेली वरात

चंद्रपूरच्या ऑफिसात आता झाडतोडीचा आराखडा संगणकावर तयार होतो. उतार, नाले, रस्ते वेगवेगळ्या रंगांत दिसतात आणि चहा निवायच्या आत कागद छापून हातात येतो. मी तो तपासते, सही करते. पण माघ लागला की मन गडचिरोलीकडच्या माझ्या पहिल्या कुपात जाऊन बसतं.

मी तेव्हा नवीन वनपाल होते. कूप म्हणजे त्या वर्षी तोडीसाठी ठरवून दिलेला जंगलाचा तुकडा. माझा कूप सागाचा होता. झाडांवर खुणा करून झाल्या होत्या. कोणता भाग आधी तोडायचा, ओंडके कुठल्या वाटेनं ओढायचे, थप्प्या कुठं लावायच्या, हे मला ठरवायचं होतं. शिकवायला शेजारच्या भागातले एक ज्येष्ठ वनपाल होते. ते सावली गावचे, त्यांच्या भावाचं तिथं बांगड्यांचं दुकान. आम्ही त्यांना नुसतं भाऊ म्हणायचो. कागद काढण्याआधी त्यांनी मला सगळा कूप पायी फिरवला. दुपारी नाल्याकाठी बसून त्यांच्या डब्यातल्या रोट्या आणि माझी अंबाडीची भाजी आम्ही वाटून खाल्ली.

मग मी कुपाचे भाग पाडले. नाल्यालगतची जमीन उशिरा वाळते, म्हणून तो भाग शेवटी ठेवला. मधल्या भागातून गाडीवाट जायची, त्याची तोड माघात धरली. आराखडा मंजूर झाला तेव्हा मी गडचांदूरला आईला फोन केला. तिला त्यातलं फारसं कळलं नाही, पण ती खूश झाली.

तोड सुरू झाल्यावर एक दिवस मेट कॅम्पवर आला. मेट म्हणजे तोडणाऱ्या टोळीचा म्होरक्या. पावसाळ्यात तो गावच्या तलावात मासे धरायचा आणि हिवाळ्यात कुऱ्हाड हाती घ्यायचा.

"म्याडम, पोरीचं लगन जमलं. माघात हाये. टोळीले सुट्टी पाह्यजे. सारे सोयरेच हायेत."

"घ्या ना," मी म्हणाले.

तो उठला नाही. दुपट्ट्यानं मान पुसत बसून राहिला. "त्या टायमाले काम कोनत्या भागात राहीन?"

मी नकाशावर मधल्या भागावर बोट ठेवलं.

"म्हंजे गाडीवाटेवरच. वरात तिथूनच येते, जंगलापल्याडच्या गावाहून."

भाऊ तिथंच चहा पीत होते. "काऊन, दुसरी वाट नाई का?"

"हाये, पन बहुत फेरा पडते."

तेवढं बोलून तो गेला. काम बदला, असं काही तो म्हणाला नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर ती वाट आली. पडलेले साग, फांद्यांचा खच, ओंडके ओढणारे हेले, म्हणजे रेडे. एका दिवसाच्या सुट्टीत ते सगळं मोकळं होणार नव्हतं.

"मधला भाग आताच घेऊन टाका," भाऊ म्हणाले. "पुढचा नंतर तोडा."

बोलायला सोपं होतं. थप्प्यांची जागा बदलावी लागणार होती, हेल्यांची ओढ लांबणार होती. हेलेवाले कुरकुरले. आणि पहिलाच आराखडा बदलून मागायला साहेबांसमोर जायचं, याची मला धास्ती होती.

"कारण काय?" साहेबांनी विचारलं.

"वाट मोकळी पाहिजे, सर. लग्न आहे."

"कोणाचं?"

"मेटच्या मुलीचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं, जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "मग वाट नीट साफ करून घ्या." आणि सही केली.

टोळीनं मधला भाग झपाट्यानं उरकला. वाटेवरची एकेक फांदी त्यांनी स्वतःहून उचलली. लग्नाच्या सकाळी दोन्ही बाजूंना ओंडक्यांच्या थप्प्या आणि मधून वाजंत्री बसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, अशी वरात आली. वराकडचा एक म्हातारा खाली उतरून थप्पीवर हात फिरवत राहिला. मांडवात आम्ही पळसाच्या पत्रावळीवर भात, वरण आणि वांग्याची भाजी जेवलो. भाऊंनी भावाच्या दुकानातून आणलेला हिरवा चुडा नवरीच्या आईच्या हातात दिला. ती पदर डोळ्यांना लावून आत गेली.

परतीच्या वेळी नवरी ट्रॉलीत बसली होती. मेट नव्या धोतरात, खांद्यावर कुऱ्हाड घेऊन ट्रॅक्टरच्या पुढं चालत होता. वाट साफच होती. तरी तो काडीकचरा पायानं बाजूला सारत, मध्येच थांबून वाकत, कुपाच्या हद्दीपर्यंत गेला. तिथं बाजूला झाला. ट्रॅक्टर निघून गेला आणि वाजंत्री ऐकू येईनाशी झाली, तरी तो तसाच उभा होता. आम्ही मागं थांबलो.

दुसऱ्या दिवशी टोळी कामावर आली. कोणीतरी उरलेली बुंदी टोपलीत आणली होती, ती सगळ्यांनी खाल्ली. मेट झाडाला टेकून बसला होता. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले.

"पोचली का नीट?" मी विचारलं.

"पोचली. जावयाचा फोन आला होता." मग म्हणाला, "घर खाली खाली वाटून राह्यलं, म्याडम."

त्या दिवशी मी त्याला झाडं पाडायला सांगितलं नाही. आम्ही दोघं पुढच्या भागातल्या खुणा तपासत, हळूहळू बोलत फिरलो.