मामाचे चाळीस दिवस

माझ्या मामाच्या तोंडावर काही लपायचं नाही. दुसऱ्याच्या पोरीच्या पाठवणीत तो नवरीच्या बापाआधी रडायचा. सदर बाजारात वस्तू आवडली की दुकानदाराला ते आधी कळायचं. मामी म्हणायची, "तुम्ही बाहेर उभे राहा बरं. तुमच्या थोबाडानं भाव चढते." ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात तो सगळ्यांना आवडायचा तो याचसाठी.

मग तो पोकर खेळायला लागला. आधी मोबाइलवर, मग गोव्याच्या स्पर्धांत, खऱ्या टेबलावर. "हा डोक्याचा खेळ आहे, जुगार नाही," हे त्याचं वाक्य जाहिरातीतलं होतं. मी जुगाराविरुद्ध पत्रकं लिहिते, चौकात वाटते. अशी वाक्यं मला पाठ आहेत. ती लिहिणाऱ्यांना मामासारखी साधी माणसंच लागतात. हरून आला की तो मला म्हणायचा, "पत्ते चांगले येतात, व पोट्टी. हे थोबाड दगा देते."

म्हणून गोव्यातल्या स्पर्धांच्या सीझनआधी चाळीस दिवसांची तयारी. तीन आठवडे रोज दहा-बारा तास बसायचं तर मन दगड पाहिजे, असं कुण्या व्हिडिओवाल्यानं सांगितलं होतं. पहाटे थंड पाणी, चहा बंद, बातम्या बंद. संध्याकाळी सातला तो कोरोनात आणलेलं ऑक्सिमीटर बोटाला लावून खुर्चीत बसायचा. आम्ही पंधरा मिनिटं त्याला हसवायचं, चिडवायचं, लागेल असं बोलायचं. नाडी पंच्याहत्तरच्या वर जायला नको. अलार्म मी लावायची. तो वाजेपर्यंत मध्ये कोणी पडायचं नाही, हा नियम.

सुरुवातीला मजा होती. मामी गंभीरपणे म्हणाली, "लग्नात तुमचा फेटा पाहून माझी मावशी म्हणे, याच्या खाली नवरदेव आहे काय?" मामा फिस्सकन हसला. नाडी शंभर. विसाव्या दिवशी हसणं थांबलं. पुढे तो अलार्मनंतरही तसाच राहायला लागला. शंकर नगरला एका लग्नात पाठवणीच्या वेळी तो मोबाइल बघत उभा होता.

"काहून, डोळे आटले काय?" मामीनं विचारलं.

"कंट्रोल आला म्हण," तो म्हणाला. त्याला ते कौतुक वाटलं होतं.

अडतिसाव्या दिवशी मामी समोर बसली. "मी उद्या वर्ध्याले चालली, भावाकडं. वापस येणार नाही. तुमच्यासंग एकटं वाटते मले."

मामानं बोटाकडे पाहिलं. "एकाहत्तर. आजचं एकदम खरं वाटलं. शाब्बास."

दुपारी मी तिला बॅग भरताना पाहिलं होतं. अलार्मला चार मिनिटं होती. पत्रकं वाटताना पोलिसांसमोर ओरडणारी मी, नियम आहे म्हणून गप्प बसले.

सकाळी स्टेशनवर तिला मीच सोडलं. "तू तरी बोलाचं होतंस," एवढंच ती म्हणाली. मामा बोलला, "सीझन झाला की आणतो तिले," आणि गोव्याला गेला. जिंकला का, असं लोक मला अजून विचारतात. ज्याला त्यातच रस आहे त्याच्याशी मी बोलत नाही.

परतताना तो थेट वर्ध्याला उतरला. मामीच्या भावाच्या दारात उभं राहून त्यानं माफी मागितली. मामीनं बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "सराव करून राहिले काय?" तिनं विचारलं आणि आत गेली.

हे मला मामानंच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. "लय रडू येऊन राहिलं होतं व पोट्टी," तो म्हणाला. "निघेच ना."