दिवा दिसत नाही

ॲमोस टिलरीने मार्लिस कुबालाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती रेडिओच्या बॅटरीवरून एका धिप्पाड हवालदाराला झापत होती.

"चार्जिंगला लावायचं, एवढं एकच काम. ते पण माझ्या बापाने येऊन करायचं का? येईल तो कापूस सोडून, पण मग तुझा पगारही तोच घेईल."

हवालदार तिच्याहून दीड हात उंच होता आणि स्वतःच्या बुटांकडे बघत उभा होता. ॲमोसच्या मनात आलं, ही बाई आपल्याला शिकवणार असेल तर आपलं काही खरं नाही.

तीच शिकवणार होती. नौदलाच्या लढाऊ वैमानिकांना विमानवाहू जहाजावर उतरण्याआधी जमिनीवर सराव करावा लागतो, आणि दक्षिण टेक्सासमधल्या त्या तळावर तो सराव कुबाला घ्यायची. मेस्किटच्या काटेरी झुडपांत एक धावपट्टी होती आणि तिच्यावर जहाजाच्या डेकचा आकार रंगवलेला होता. पोरं त्या आकारात चाकं टेकवायची, टेकताक्षणी पूर्ण ताकद लावून पुन्हा उडायची आणि वळसा घालून परत यायची. कुबाला धावपट्टीच्या डाव्या कडेला रेडिओ धरून उभी असायची. या कामावरच्या माणसाला सगळे 'पॅडल्स' म्हणतात. जुन्या काळी ही माणसं हातात रंगीत फळ्या धरून विमानाला खुणा करायची. फळ्या गेल्या, नाव राहिलं.

ती तिथलीच. तिच्या वडिलांचं कापसाचं शेत तळापासून गाडीने अर्ध्या तासावर होतं, आणि बोलताना तिच्या तोंडी आजोबांच्या चेक भाषेतल्या शिव्या यायच्या. सतत सूर्यफुलाच्या बिया चघळायची. उजवा गुडघा दुखायचा, म्हणून पाय जरा फेकत चालायची. जमिनीवर ती कुणावरही खेकसायची, पण रेडिओवर तिचा आवाज कधीच चढत नसे. आजारी मुलाच्या उशाशी बसून बोलावं, तशी ती बोलायची.

धावपट्टीशेजारी भिंगांचा एक संच होता. त्यात एक पिवळा दिवा दिसायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची ओळ. पिवळा ओळीच्या वर दिसला तर विमान उंच, खाली दिसला तर खाली. त्या पिवळ्याला 'बॉल' म्हणतात. वैमानिक शेवटचं वळण घेऊन समोर आला की रेडिओवर सांगतो, "बॉल." म्हणजे मला दिवा दिसतोय. दिसत नसेल तर एकच शब्द आहे, "क्लारा."

पहिल्याच दिवशी कुबालाने वर्गातल्या प्रत्येकाला उभं करून तो शब्द मोठ्याने म्हणायला लावला. ग्रँट विकहॅम हसला. देखणा पोरगा, बाप आणि आजोबा दोघेही नौदलात.

"कसलं हसू आलं रे?"

"काही नाही मॅडम. बाईचं नाव आहे, म्हणून."

"हो ना? मग या बाईशी ओळख ठेव. ती तुला जिवंत ठेवील, मी नाही."

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी ॲमोस वळण घेऊन समोर आला. सूर्य नेमका भिंगांच्या मागे टेकला होता. पुढे सगळं तांबडं, दिवा कुठेच नाही. "क्लारा," तो म्हणाला.

"दिसतोयस मला तू," तिचा आवाज आला. "जरा उंच आहेस. ये, असाच ये. हं, आता ठीक."

मग दिवा दिसला आणि तो उतरला. खाली आल्यावर तिने त्याला त्या दिवसाचा सगळ्यात चांगला शेरा दिला आणि बियांची टरफलं थुंकली.

शुक्रवारी अधिकाऱ्यांच्या क्लबात पोरांची टोपणनावं ठरत. ही तिथली रीत आहे. नाव इतरांनी ठेवायचं, ज्याचं त्याने मुकाट घ्यायचं, आणि तो चिडला तर ते आणखी घट्ट चिकटतं. विकहॅम बिअरचा ग्लास घेऊन उठला. "आपल्या टिलरीला दिवे दिसत नाहीत. मी म्हणतो, क्लारा!" सगळे टेबलं बडवू लागले. स्क्वाड्रनचे प्रमुख, कमांडर स्टोव्हल, यांनी घंटा वाजवून नाव मंजूर केलं. सोमवारपर्यंत ॲमोसच्या छातीवर त्या नावाची गुलाबी पट्टी आली.

"या क्लाराबाई, काठी आणू का?"

"क्लाराताईंना पुढची खुर्ची द्या रे, फळा दिसत नाही त्यांना!"

ॲमोस हसायचा. हसण्यावाचून इलाज नव्हता. खोलीवर गेला की कपाटाच्या दारावर मूठ आपटायचा.

पुढच्या आठवड्यात कुबालाचे शेरे लिहून घ्यायची पाळी त्याची होती. तो वही घेऊन तिच्या शेजारी उभा होता. पुन्हा तीच वेळ, तसाच सूर्य. विकहॅम वळला.

"बॉल," रेडिओवर विकहॅमचा आवाज आला.

कुबालाने चघळणं थांबवलं. "दिसत नाहीये त्याला," ती हळूच म्हणाली. विमान खाली यायला लागलं. तिने हातातलं बटण दाबलं. भिंगांभोवतीचे लाल दिवे धडाधड उघडझाप करू लागले. लाल लागले की वैमानिकाने काही न विचारता वर जायचं असतं. विमान खालीच येत राहिलं.

"वर जा. वर जा. पूर्ण ताकद," ती रेडिओवर म्हणाली, तशीच, उशाशी बसल्यासारखी. इंजिन किंचाळलं. विमानाची चाकं धावपट्टीअलीकडच्या झुडपांतून गेली, फांद्या उडाल्या आणि विमान त्यांच्या डोक्यावरून वर गेलं. ॲमोसने पाहिलं, तिचा अंगठा अजूनही बटणावर घट्ट दाबलेला होता.

उतरल्यावर शेरा ऐकताना वैमानिकाने उलट बोलायचं नसतं. विकहॅम बोलला.

"बॉल दिसत होता, मॅडम. जरा खाली आलो, इतकंच."

"लाल दिवे कधी लागले?"

विकहॅमने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"बॉलच्या शेजारीच असतात ते. तू कुंपणावर होतास तेव्हापासून लागले होते. बॉल दिसला आणि लाल दिसले नाहीत? कसले डोळे रे हे, गिऱ्हाइकासारखे, हवं तेवढंच बघणारे?"

विकहॅमच्या चाकाच्या दांडीत मेस्किटची फांदी अडकली होती. तो त्या फांदीकडे बघत राहिला. "मला क्लारा म्हणवून घ्यायचं नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

कुबालाने ॲमोसच्या हातातली वही मिटली. तिने ॲमोसची बाही धरली आणि पाय फेकत त्याला थेट स्टोव्हल यांच्या खोलीत नेलं.

"हे नाव मागे घ्या, सर."

"मार्लिस, बस आधी. गंमत आहे पोरांची. आमच्या वेळी तर..."

"गंमत? जो खरं बोलला त्याची तुम्ही नाचक्की केलीत. घंटा वाजवून केलीत. आज दुसरा एक जण लाजेपायी खोटं बोलला आणि झुडपांतून गेला. जहाजावर झुडपं नसतात. तिथे मागची लोखंडी कड असते."

"दिलेलं नाव मागे घेत नाहीत. रीत आहे."

"मग या वर्गाच्या कागदावर माझी सही नाही. एकही पोरगा जहाजावर जाणार नाही."

स्टोव्हल उठले. "जहाज सोमवारी येतंय. बढतीची यादीही निघतेय, ठाऊक आहे ना? तिच्यावर माझंही मत जातं."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि ॲमोसकडे वळली. "आणि तू! तू का हसत होतास?"

ॲमोसच्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षं या एका दिवसासाठी घासली होती, आणि ही बाई एका चिंधीपायी ती पाण्यात घालणार. "मग काय करायचं होतं मॅडम? रडायचं?" तो ओरडला.

"ओरडायचं होतं. आत्ता ओरडलास तसं. तिथे."

शुक्रवारी क्लबात ॲमोसने गुलाबी पट्टी उपटून स्टोव्हल यांच्या टेबलावर ठेवली. "माझं नाव टिलरी. दिवा दिसला नाही, म्हणून मी तसं सांगितलं. उद्या दिसला नाही तर उद्याही सांगीन. हसायचं त्याने आत्ता हसून घ्यावं." त्याचा आवाज फाटला. कुणी हसलं नाही. कोपऱ्यातून विकहॅम उठला. चेहरा पांढरा पडला होता. "मला पण दिसला नव्हता. मी खोटं बोललो," तो म्हणाला. मग दाराशी बसलेला एक जण म्हणाला, "मला मंगळवारी," आणि खिडकीपाशी आणखी एक. स्टोव्हल यांनी घंटेला हात लावला नाही. पट्टी उचलून खिशात घातली आणि निघून गेले.

रविवारी कुबालाने सही केली. विकहॅमचं नाव तिने वगळलं. त्याला सगळा सराव पुन्हा पहिल्यापासून करावा लागला, आणि तो त्याने केला. ॲमोस सोमवारी जहाजावर उतरला.

बढतीच्या यादीत कुबालाचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षीही नव्हतं. दोनदा नाव गाळलं की नौदल निरोप देतं. निरोपाच्या समारंभासाठी तळावरून फोन आला, तेव्हा तिने आजोबांच्या भाषेत उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

सध्या ती वडिलांच्या शेतावर राहते आणि जिल्ह्याच्या शाळेची बस चालवते.