तांडेलाची पेज

पन्नासचं दशक सरत आलं होतं. देवगडात मी शाळामास्तर होतो आणि हौसेपायी मुंबईच्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. त्या कार्तिकात अवचित वादळ झालं आणि मासेमारीला गेलेली एक होडी उलटली. बरोबरचे गडी पोहत किनाऱ्याला लागले, पण होडीचा म्होरक्या, तांडेल, काही सापडला नाही. मी सागराच्या रौद्र रूपावर पानंच्या पानं खरडली. संपादकांनी त्यातल्या चार ओळी छापल्या आणि मला कळवलं, "समुद्र आम्हाला चौपाटीवर फुकट दिसतो. पहिल्या वाक्यात माणूस दाखवा. डोळ्यांनी पाहाल तेवढंच लिहा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी तांडेलाच्या घरी गेलो.

त्याची बायको चुलीपाशी होती. कपाळावर कुंकू ठसठशीत. तिने पेजेचं एक ताट वाढलं, बाजूला भाजलेला सुका बांगडा ठेवला, आणि रिकाम्या पाटासमोर सरकवलं. रोज वाढायची म्हणे. मी वर्तमानपत्राचं सांगितल्यावर एवढंच बोलली, "मास्तरांनू, लिवा. पण मेलो म्हणान लिवू नकात. तो येतलो."

मी तिचा शब्द राखला. पहिलं वाक्य लिहिलं, 'देवगडच्या एका घरात बेपत्ता तांडेलाची पेज अजून रोज वाढली जाते.' पुढेही पाहिलं तेवढंच लिहिलं, एक विशेषण घातलं नाही. लेख पहिल्या पानावर आला. बाजारात लोक थांबवून शाबासकी देऊ लागले आणि माझीही छाती फुगली. लेख कसा लिहावा ते मला त्या दिवशी कळलं, यात शंका नाही.

तांडेलाचा भाऊ मुंबईत गिरणीत होता. तिथे कुणीतरी तो लेख मोठ्याने वाचला. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले, वहिनी तिकडे मेलेल्याला जेवायला वाढते आणि तू इथे विड्या फुंकत बसलास? मी 'मेला' लिहिलं नव्हतं, पण वाचणाऱ्यांना ते आपोआप कळलं. भाऊ शरमेने बोटीत बसला आणि तांडेलाचं क्रियाकर्म करायला गावी आला.

प्रेत मिळालं नाही की आमच्याकडे दर्भाचा माणूस करून जाळतात. भटजींनी तो केला. तांडेलाची बायको त्याच्यापुढे आडवी पडली, "जाळू नकात रे, तो येतलो," म्हणून ओरडली. म्हाताऱ्या बायकांनी तिला धरलं आणि कुंकू पुसलं. मी तिथेच उभा होतो. मला संपादकांचा, त्या भावाचा, सगळ्यांचा संताप आला.

दिवसकार्य उरकल्यावर मी भेटायला गेलो. चुलीवर पेज शिजत होती. पाट भिंतीला उभा करून ठेवला होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मेलो म्हणान तुमी लिवलात नाय, ता बरा केलात," ती म्हणाली. "आता ही पेज कोणाक वाढू, ता लिवा."