अण्णांना समजणारी भाषा

अण्णा गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने, सुरेशने केला. आठवडाभरात बेळगावच्या अनगोळ भागात शोकसभा झाली. सीमाप्रश्नाच्या या कार्यकर्त्याने जन्मभर कानडीचा एक शब्द ओठांवर येऊ दिला नाही, असे एका वक्त्याने सांगितले आणि टाळ्या पडल्या. विधान खरे नव्हते. पण शोकसभेत दुरुस्त्या सुचवायची सोय नसते.

अण्णा माझे शेजारी. कानडी ते बोलत नसत. म्हणून त्यांना ती कळतही नाही, असे आम्ही सगळे धरून चाललो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लघवीतून रक्त गेले, तपासणीत मूत्रपिंडाचा कर्करोग निघाला. अण्णांना ‘साधी गाठ’ एवढेच सांगायचे, असे घरात ठरले. सर्जनसमोर अण्णा, सुरेश आणि मी बसलो तेव्हा सुरेशने डॉक्टरांना कानडीतच बोलायला लावले. गाठ मूत्रपिंडाच्या शिरेतून पोटातल्या मोठ्या शिरेत शिरली होती आणि यकृतामागून थेट हृदयाजवळ पोचली होती. मूत्रपिंड काढायचे, यकृत बाजूला सारायचे, शीर उघडून आतली गाठ ओढून घ्यायची. हृदयाचे सर्जनही सोबत लागणार. टेबलावरच जाण्याचा धोका होता. सुरेश मान डोलावत होता, अण्णा कॅलेंडर पाहत होते...

“माडसलिल्लंद्र एष्ट दिन री?” अण्णांनी डॉक्टरांना विचारले. नाही केले तर किती दिवस?

“काही महिने,” डॉक्टर म्हणाले.

“अण्णा, तुमास्नी कानडी येतंय?” सुरेश.

“बेळगावात जलमलोय रं. भैरा न्हाय.” मग डॉक्टरांकडे वळून, “करा ऑपरेशन. पर हितनं फुडं काय असंल ते मला सांगा. जीव माझा हाय.”

ऑपरेशन दिवसभर चालले आणि अण्णा त्यातून उठले. एका मंडळाने ‘मृत्युंजय’ म्हणून सत्काराचा घाट घातला. “शाल डॉक्टरला घाला, मला उकडतंय,” अण्णांनी कळवले.

खरी पंचाईत धारवाडच्या सुनेची झाली. वर्षानुवर्षे ती अण्णांच्या कॉटशेजारी बसून माहेरी फोनवर कानडीत त्यांच्याच तक्रारी करत आली होती.

“मामंजी, समदं कळत हुतं?”

“व्हय गं. काही काही खरं बी हुतं.”

यंदा रोग फुप्फुसात उतरला. डॉक्टरांनी ते अण्णांना एकट्याला सांगितले, कानडीत. बाहेर येऊन अण्णांनी आम्हाला मराठीत सांगितले आणि चहा मागवला.

परवा त्यांच्या घरी गेलो. सून रिकाम्या कॉटशेजारी भाजी निवडत होती. माहेरून आईचा फोन वाजला. “हं, अव्वा,” म्हणाली, कॉटकडे एकदा पाहिले आणि उठून स्वयंपाकघरात गेली.