हिराजीचा जोड

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मेहुण्याला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहतो तेव्हाही एवढी वगळून बाकीचं बोलतो. मग तुम्हालाच का? तुमची माझी ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांपुढे मी फार चांगला आहे हो.

मोबाइलला बटणं होती तेव्हाची गोष्ट. नवीन पनवेलला आमचा फ्लॅट, बेलापूरला माझी नोकरी आणि दारात एक जुनी डिझेल जीप. कुठल्याशा परदेशी मासिकात गाडीमागे ओढून न्यायच्या छोट्या घराचं चित्र पाहिलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आत दोन बाकं, एक ओटा, मागच्या बाजूला खिडकी. सुट्टीत निघायचं, वाटेल तिथे मुक्काम ठोकायचा. सोसायटीतले लोक त्याला टपरी म्हणायचे, वडापाव कधीपासून सुरू करताय असं विचारायचे. मी हसायचो आणि मनात म्हणायचो — जळताहेत.

ते घर बांधलं हिराजीने. राहणारा रोडपालीचा, कळंबोलीत वेल्डिंगचं शेड. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि होड्या वाहून न्यायच्या गाड्या करण्यात त्याचा जन्म गेलेला. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तरी तो मला सायेब म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायचो. घर जीपला जोडायचा दांडा आणि त्याचा हूक, एवढ्यासाठी तो तीन दिवस खपला. टाका मारायचा, गार होऊ द्यायचा, हातोडीने ठोकून कान लावायचा, मगच पुढचा टाका. मी घाई केली की म्हणायचा, "जोड बोलला पायजे, सायेब."

गाडी ताब्यात देताना त्याने आत जमिनीवर लाल ऑइलपेंटने एक आडवी रेघ मारली, चाकांच्या थोडी पुढे. "जड सामान या रेघंच्या पुढं," तो म्हणाला. "मागं ठेवलंत त गारी शेपूट हलवंल. वारा असंल तवा चालीसच्या वर जायाचा नाय. आन हलाया लागली त ब्रेक नका मारू. नुसता पाय उचला, आपसूक सरल होते." दोनदा सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. मला ती रेघ दिसायला घाण वाटली. घरी येऊन मी तिच्यावर चटई अंथरली.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही दापोलीकडून, सासुरवाडीहून परत निघालो. मी आणि सुलभा — माझी बायको. ऑफिसात मी दरवर्षीचा आंबेवाला. सासऱ्यांची कलमं, पण मिरवायचो मी. त्या वर्षी तर घरच होतं मागे, मग काय विचारता — चौदा पेट्या, वर तांदळाचं पोतं आणि दोन फणस. ठेवायचं कुठे? आंब्याला वारा लागला पाहिजे, कोंडला की तो उकडतो, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. खिडकी मागे होती. म्हणून सगळ्या पेट्या मी मागे, खिडकीखाली रचल्या आणि खिडकी सताड उघडी ठेवली. पोतंही तिथेच टाकलं. चटई तुडवत तुडवत हे सगळं चाललं होतं. रेघ आठवली नाही का? आठवली की. म्हटलं, लोखंड जोडणाऱ्याला आंब्यातलं काय कळतंय.

पेण सुटलं आणि वारा लागला. पावसाच्या आधीचा, खाडीवरून आडवा येणारा. दोन्ही बाजूंना मिठागरं, त्याला आडोसा कसला असणार? आरशात घर डुलताना दिसत होतं, जीपला मागून हिसके बसत होते. "अहो, हळू घ्या ना जरा," सुलभा दोनदा म्हणाली. मी पासष्टवर होतो. अंधार पडायच्या आत पेट्या वाटून मोकळं व्हायचं होतं मला. खारपाड्याच्या पुलावर समोरून एक कंटेनर आला. तो शेजारून जाईपर्यंत वारा तुटला आणि तो जाताच दुप्पट जोराने येऊन आदळला. घर एकदा इकडे गेलं, एकदा तिकडे. पाय नुसता उचलायचा होता. मी ब्रेक दाबला.

घर आडवं झालं आणि त्याने जीपला फरफटत कठड्यावर नेलं. सुलभाचा उजवा हात कोपरातून मोडला. पुलावर सगळीकडे आंबे. मला खरचटलंसुद्धा नाही.

आणि जोड? तेच तर सांगायचंय. जीपची मागची फ्रेम पिळवटली, दांड्याला बाक आला, पण हिराजीचा जोड होता तिथे होता. क्रेनवाल्याने पिन उपसून गाड्या वेगळ्या केल्या तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. डोळ्यांनी पाहिलंय मी.

पोलिसांनी सोसाट्याचा वारा असं लिहून घेतलं आणि विषय मिटवला. पण वाऱ्याला बोल लावून घरच्यांचं समाधान होत नाही, माणूस लागतो. हॉस्पिटलात मेहुणा धावत आला. आत सुलभा कण्हत होती. "भाऊजी, झालं काय? किती स्पीडला होता तुम्ही?" — आणि माझ्या तोंडून निघालं, जोड तुटला. ठरवून नाही बोललो. पण नंतर इतकी वर्षं जे बोललो, ते ठरवूनच ना? सुलभाचा हात आजही पूर्ण सरळ होत नाही. वरच्या फळीवरचा डबा काढताना ती अजून हिराजीच्या नावाने बोटं मोडते. मी डबा काढून देतो.

जोड तुटल्याचं हिराजीच्या कानावर गेलं आणि चौथ्या दिवशी तो घरी आला, हातात दोन शहाळी घेऊन. सुलभाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो भांडला नाही, बाजू मांडली नाही. एवढंच म्हणाला, "मना एकदा जोड दावा, सायेब. मी कुठं चुकलो तेवढा बघाचा हाय." त्याच्या पाठीमागे खिडकी होती. खाली, सोसायटीच्या भिंतीला लागून, निळ्या ताडपत्रीखाली मोडकं घर दांड्याजोडासकट पडलेलं होतं. त्याने नुसतं वळून पाहिलं असतं तरी चाललं असतं. मी सांगितलं, भंगारात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याला बोलावून मी ते खरंही करून टाकलं. गॅस कटरने त्याने पत्रा कापला, पाइप कापले, जोडापाशी आला आणि थांबला. म्हणाला, "बहुत पक्का है, ये तो ऐसे ही ले जाते हैं, साब." मी म्हटलं, ने बाबा.

आदल्या दसऱ्याला हिराजीने मला आवर्जून शेडवर बोलावलं होतं. वेल्डिंगच्या मशीनला झेंडूची माळ, पुढे नारळ, आल्यागेल्याला पेढा. अपघातानंतरच्या दसऱ्याला बसमधून जाताना पाहिलं — शेजारच्या प्रत्येक दुकानाला तोरण आणि याचं शटर खाली. पुढे कळलं, गिऱ्हाइकं त्याने आपणच परत पाठवली. माझ्या हाताचा भरवसा नाय ऱ्हायला, म्हणायचा. त्याने मला चार शिव्या घालायला हव्या होत्या. तो आपल्या हातांवर रुसला. मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. पुढच्या मे महिन्यात मी ऑफिसात पुन्हा आंबे वाटले.

पाच-सहा वर्षांनी रोडपालीत एका नव्या टॉवरमध्ये वास्तुशांतीला गेलो होतो. गेटवर वॉचमनच्या निळ्या शर्टात हिराजी. वही पुढे सरकवली आणि त्याने मला ओळखलं. आधी सुलभाच्या हाताची चौकशी केली. मग जरा घुटमळून म्हणाला, "सायेब, येक विचारू? जोड तुटला तो वरच्या बाजूनं का खालच्या?"

इतकी वर्षं हा माणूस हेच डोक्यात घेऊन बसला होता. आसपास कुणी नव्हतं. सुलभा नव्हती, मेहुणा नव्हता. खरं बोलायला अडचण कसली होती? कसलीच नव्हती. मी म्हणालो, "खालच्या."

त्याने मान डोलावली. त्याचा चेहरा — काय सांगू — मोकळा झाला. "वाटलाच मना," तो म्हणाला. "खालून हात नीट पोचत नव्हता." आणि गेट उघडून त्याने मला आत सोडलं.

जोड तुटला नव्हता. वरून नाही, खालूनही नाही. हिराजी अजून त्या गेटवर असतो आणि रोडपालीत काही काम निघालंच, तर मी पलीकडच्या रस्त्याने जातो.